ठिगळांनी खाल्लेली गाडी

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. वावरात कापसाची वेचणी चालू होती आणि काळ्या जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागे, कडुनिंबाखाली कित्येक वर्षं उभी असलेली बाबांची जुनी जीप-पिकअप मी त्या आठवड्यात उघडायला घेतली. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक फडक्यात गुंडाळलं आणि दारावरून हळूहळू फिरवत गेलो. वर ते खटकन चिकटायचं. खिडकीखाली पकड ढिली झाली. दाराच्या तळाशी, वीतभर पट्ट्यात, ते सरळ घसरून मातीत पडलं.

चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्यानं कमी होते. रंगाचा पातळ थर तिला अडवत नाही, पण मध्ये बोटभर काही आलं की ती संपलीच. म्हणजे त्या पट्ट्यात रंगाखाली पत्रा नव्हता. छिन्नी लावली तेव्हा बोटाच्या पेराएवढ्या जाडीची पुट्टी ढेपेसारखी निघाली. तिच्यामागे डासांची जाळी, जाळीमागे सिमेंटच्या पोत्याचा तुकडा आणि त्याच्याही मागे चिखल. बाहेर जमीन तडकलेली आणि दारात हाताला गार लागणारी ओल! मिस्त्री चाचा शेजारीच उभे होते. म्हणाले, “भाऊ, गाडी पाण्यानं नाही सडली, ठिगळानं सडली.”

चाचा शाळेत फारसे गेलेले नाहीत, पण रसायनशास्त्र नेमकं हेच सांगतं.

लोखंड गंजतं तेव्हा एकाच पत्र्यावर एक छोटी बॅटरी चालू झालेली असते. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात; दुसऱ्या जागी पाण्यात मिसळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन उचलतो. मग पत्रा झिजतो कुठे? जिथे हवा भरपूर लागते तिथे, असंच कुणालाही वाटेल. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स या संशोधकानं गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबानं याच्या उलट दाखवून दिलं. हा प्रयोग घरीही जमतो. लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरनं चकचकीत घासायचा, त्यावर मिठाच्या पाण्याचा मोठा थेंब ठेवायचा आणि काही तास वाट बघायची. थेंबाची कड साफ राहते, कारण तिथे हवा लगेच पोचते आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन उचलण्याचं काम करत राहतो. पत्रा खाल्ला जातो तो मधोमध, जिथे ऑक्सिजन कमी पोचतो. गंजाचं तपकिरी कडं मात्र या दोन्हींच्या मध्ये उमटतं. गंज दिसतो एकीकडे, लोखंड जातं दुसरीकडे.

पुट्टीमागची ओल म्हणजे त्या थेंबाचा मधला भाग. बॉडीची पुट्टी म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये शंखजिऱ्यासारखी भुकटी. तिच्या पाठीला रंग लागत नाही, त्यामुळे ती मागून पाणी शोषत राहते. ते ठिगळ पाणी आत धरतं आणि हवा बाहेर ठेवतं. पत्रा खायला याहून सोयीची जागा नाही. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. तो फुगतो, पुट्टीला बाहेर ढकलतो, कडेला केसाएवढी फट पडते आणि पुढच्या पावसाला वाट मिळते. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून कडेनं वेल्डिंगचे चार टाके मारले की दोन पत्र्यांच्या मधेही हेच घडतं. आमच्या गाडीच्या फ्लोअरवर असे तीन पत्रे एकावर एक निघाले. सगळ्यात खालचा बोटानं चुरला.

समुद्र शेकडो किलोमीटर लांब, वर्षातले आठ महिने हवा कोरडी. आमच्या भागात गाड्यांनी इतकं सडायला नको. पण दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. पोळ्याला बैलांबरोबर आमची गाडीही धुतली जायची, बोअरच्या त्याच पाण्यानं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. क्षारांमुळे पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणजे ती छोटी बॅटरी जोरात चालते. त्यातला क्लोराइड लोखंडावर संरक्षक थर टिकू देत नाही. आणि क्षार हवेतलं पाणीही ओढतात. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला आपोआप पाझरायला लागतं, मॅग्नेशियम क्लोराइडला तर सुमारे ३३ टक्केच पुरतात. हौद्यातून वाहिलेलं पोटॅश खत हेही पोटॅशियमचं क्लोराइडच; पोतं फाटलं की ते सांध्यांत जाऊन बसतं.

वर आमची काळी माती. तिच्यातली चिकणमाती पानांच्या गड्डीसारखी थराथरांची असते आणि थरांमध्ये पाणी शिरलं की फुगते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्या याच गुणामुळे. चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, खाचेत ती एकदा बसली की ओल सहजासहजी सोडत नाही. म्हणून रंगकामाच्या कितीतरी आधी, गाडीखाली आडवं पडून काडीनं माती कोरून काढणं हे मला सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

चासीवर वेगळीच दुखापत होती. मागचा पाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, जिथे चासीला टांगलेला असतो त्या हँगरजवळ कधीतरी चीर गेली होती. कुणीतरी तिच्यावर जाडजूड चौकोनी प्लेट ठोकून चारी बाजूंनी वेल्डिंग केलं होतं. दिसायला भक्कम, पण प्लेटच्या कडेला लागूनच नवी चीर पडली होती, जुनीपेक्षा लांब. चासी भाराखाली थोडी लवते आणि लवते म्हणूनच टिकते. मधला तुकडा ताठ केला की सगळं लवणं त्याच्या कडेवर येतं. चिरेच्या टोकाशी ताण किती वाढतो याचं गणित इंग्लिस या इंग्रज अभियंत्यानं १९१३ साली जहाजांच्या पत्र्यांसाठी मांडलं. ओढलेल्या पत्र्यातल्या गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. ओढीला आडवं आणि रुंदीच्या दहापट लांब असं लंबगोल भोक असेल तर टोकाशी तो एकवीसपट. चीर तर त्याहूनही टोकदार. म्हणून चाचांनी आधी प्लेट कापून काढली, चिरेच्या टोकाला ड्रिलनं गोल भोक पाडलं, चीर ग्राइंडरनं व्ही आकारात खोल उघडली आणि तळापासून भरत आणली. वरची नवी पट्टी दोन्ही टोकांना निमुळती ठेवली, म्हणजे ताठपणा एकदम न बदलता हळूहळू बदलतो. हे काम मुरलेल्या हाताचं आहे. चासीवर शिकाऊ वेल्डिंग कुणी करू नये.

फ्लोअरच्या एका जोडावर पितळाची झाळ होती. तिच्यावरून वेल्डिंग करायचं म्हटलं तर पितळ आधी वितळतं, पोलादाच्या कणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि जोड थंड होताना तडकतो. तो भाग कापूनच टाकावा लागला.

वायरिंगमध्ये पिळून टेप गुंडाळलेले जोड किती होते ते मोजणं मी सोडून दिलं. एकच हिशोब सांगतो. ६० वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध, विजेला होणारा अडथळा, २.४ ओहम. गंजलेल्या जोडानं त्यात ०.४ ओहमची भर घातली तर बल्बपर्यंत जेमतेम १०.३ व्होल्ट पोचतात. ही घट किरकोळ वाटते, पण व्होल्टेज थोडं घसरलं तरी फिलामेंटचा उजेड पुष्कळ घसरतो. तो साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. राहिलेली सातेक वॅट उष्णता त्या टेपखाली साठत राहते. आमच्या गाडीची अर्थिंगची वायर तर चक्क पुट्टीवर स्क्रूनं आवळलेली होती, जिच्यातून वीज वाहतच नाही.

बिजागऱ्या आणि बोल्ट आम्ही प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकले. बॅटरी चार्जरची ऋण बाजू त्यांना, धन बाजू भंगारातल्या लोखंडी पट्टीला. गंज सुटतो आणि चांगल्या धातूला धक्का लागत नाही. पट्टी स्टीलच्या भांड्याची मात्र कधीच वापरू नये, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. हायड्रोजनही निघतो, म्हणून ड्रम उघड्यावर ठेवायचा आणि विडी लांब.

दाराचा नवा तळ बसवताना कळलं की मूळ दाराला खाली तीन भोकं होती. काचेच्या फटीतून आत उतरणारं पावसाचं पाणी तिथून निघून जायचं. मागच्या कुणी डेंटरनं ती पुट्टीनं बुजवली होती. आम्ही ती पुन्हा पाडली. आत जस्ताचा प्रायमर मारला, तो दोन दिवस वाळू दिला. मग चाचांनी काचेच्या फटीतून तांब्याभर पाणी ओतलं आणि आम्ही दोघं खाली वाकून बघत बसलो. आधी मधल्या भोकातून, मग तिन्हींतून धार लागली.