टर्बो सीची निळी खिडकी मुकी का?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या किंवा गंगापूर रोडवरच्या एखाद्या संगणक प्रयोगशाळेत टर्बो सी, म्हणजे सी भाषेत कोड लिहायचा जुना डॉस प्रोग्राम, अजून टिकून असेल, तर तो बहुधा डॉसबॉक्स या जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालत असतो. डोळस विद्यार्थ्याला निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं दिसतात. त्याच संगणकावर अंध विद्यार्थ्यासाठी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, सुरू केला की खिडकीचं नाव तेवढं ऐकू येतं आणि पुढे सगळं शांत. यात बिघाड स्क्रीन रीडरचा नाही, विद्यार्थ्याचा तर नाहीच नाही.

स्क्रीन रीडर पडद्याकडे बघत नसतो. तो विंडोजमार्फत प्रोग्रामलाच विचारतो, की कर्सर आहे तिथे काय आहे? नीट बांधलेला प्रोग्राम त्या घटकाचं नाव, प्रकार, स्थिती आणि मजकूर सांगतो. डॉसबॉक्स मात्र अख्खा पडदा चित्र म्हणून रंगवतो, त्यामुळे विंडोजच्या लेखी तिथे अक्षरंच नसतात. पायथन या भाषेसोबत फुकट येणाऱ्या आयडल या एडिटरचंही, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामचंही, दुखणं हेच. त्याच्या खिडक्या टीके या खिडक्या-बटनं बनवायच्या संचावर उभ्या आहेत, आणि टीके 8.6 ही माहिती स्क्रीन रीडरपर्यंत पोचवत नाही. म्हणजे अंध विद्यार्थ्याची पहिली अडचण अभ्यासक्रमात नसून प्रयोगशाळेत कोणता एडिटर टाकला आहे, यात आहे. महागड्या खास उपकरणांची चर्चा त्यानंतरची.

एडिटर म्हणून व्हीएस कोड आणि स्क्रीन रीडर म्हणून एनव्हीडीए ही जोडी बिनपैशाची आहे. एनव्हीडीएचं काम 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालं. त्याचा बराचसा भाग पायथनमध्येच लिहिलेला आहे आणि सोर्स कोड खुला आहे. प्रयोगशाळेच्या संगणकावर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल, तर एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतून पोर्टेबल कॉपी करून ती पेन ड्राइव्हवर ठेवता येते. मात्र विंडोजचा लॉगिनचा पडदा आणि अ‍ॅडमिनची परवानगी मागणारी चौकट ही कॉपी वाचत नाही. तेवढ्यापुरता लॅब असिस्टंट शेजारी हवा. सी शिकवायची असेल तर कंपायलर, म्हणजे कोड संगणकाच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, म्हणून जीसीसी घ्यावा. टर्बो सीच्या पुस्तकातली 'क्लियर स्क्रीन'ची ओळ तिथे चालत नाही, ती सरळ गाळावी. नाहीतरी त्या ओळीचा अंध विद्यार्थ्याला काही उपयोग नाही.

व्हीएस कोड उघडल्यावर बहुतेक वेळा तो स्क्रीन रीडर स्वतः ओळखतो. 'एडिटर इज नॉट अ‍ॅक्सेसिबल' असं ऐकू आलं तर शिफ्ट, ऑल्ट आणि एफ1 एकत्र दाबायचं. नुसतं ऑल्ट-एफ1 दाबलं की त्या जागेपुरती मदत उघडते.

आता खरी गोम. एनव्हीडीएची विरामचिन्हांची पातळी मुळात 'काही' अशी असते. बातमी वाचायला ती ठीक आहे. पण कोडमध्ये याच पातळीवर कंस, कोलन, सेमीकोलन गिळले जातात. सेमीकोलन राहिला की नाही हे विद्यार्थ्याला कळणारच कसं? एनव्हीडीए-कळ, म्हणजे इन्सर्ट, धरून पी दाबत गेलं की पातळी 'सर्व'वर जाते. मग 'इफ, लेफ्ट पॅरेन, ए, लेफ्ट ब्रॅकेट, आय, राइट ब्रॅकेट' असं प्रत्येक चिन्ह बोललं जातं. पहिले काही दिवस हा भडिमार वाटतो. म्हणून ही पातळी सगळीकडे लावू नये. व्हीएस कोडमध्ये असताना इन्सर्ट-कंट्रोल-पी दाबून फक्त त्याच प्रोग्रामसाठी वेगळी प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर परतलं की आवाज पुन्हा नेहमीसारखा होतो.

पायथनमध्ये इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा, हाच अर्थ असतो, आणि ते ऐकू येत नाही. इन्सर्ट-कंट्रोल-डी दाबल्यावर डॉक्युमेंट फॉरमॅटिंगच्या सेटिंग उघडतात. तिथे ओळीचं इंडेंटेशन बोलून, सुरातून किंवा दोन्हींनी कळवायची सोय आहे. सूर निवडला तर इंडेंटेशन बदललेल्या ओळीवरच तो वाजतो. एकेका स्पेसला पेटीवर पट्टी चढत जावी तसा तो चढतो, आणि एक टॅब म्हणजे चार स्पेसइतकी चढण. सुरुवातीला 'दोन्ही' ठेवावं, कान बसला की नुसता सूर पुरतो. एकाच फाइलमध्ये टॅब आणि स्पेसची भेसळ मात्र करू नये. चार स्पेस आणि एक टॅब यांची चढण सारखीच, त्यामुळे सुरावरून फरक कळत नाही आणि पायथन चूक दाखवतं. अशा वेळी इंडेंटेशन बोलून घ्यावं.

डोळस माणूस लाल नागमोडी रेघ बघून चूक हेरतो. इथे एफ8 दाबलं की कर्सर पुढच्या चुकीवर जातो आणि संदेश वाचला जातो. फाइल मोठी असेल तर कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून फंक्शनची यादी मिळते, बाण दाबत शंभर ओळी उतरायची गरज नाही. टर्मिनलमधला लांबलचक एरर ऑल्ट-एफ2 दाबून सावकाश, ओळीओळीने वाचता येतो. टॅब दाबल्यावर एडिटरमधून बाहेर पडण्याऐवजी जागाच सुटत राहिली, तर कंट्रोल-एम.

याच्या पुढचा विचार पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांनी 1995 मध्येच केला होता. चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या या संगणकशास्त्रज्ञाने ईमॅक्स या एडिटरला बोलतं करणारं ईमॅकस्पीक तयार केलं. ते पडद्यावरची अक्षरं वाचत बसत नाही. कोडचा अर्थ एडिटरला ठाऊक असतोच, तोच आवाजात उतरवतं. कॉमेंटचा आवाज वेगळा, कीवर्डचा वेगळा. रंगांचं काम आवाजाचे पोत करतात. आजच्या एडिटरांनी हे अजून पुरतं उचललेलं नाही, याचं नवल वाटतं.

शिक्षकांच्या बाजूची मोठी अडचण म्हणजे ग्रुपवर येणारे कोडचे फोटो. विंडोज 10 किंवा 11 वर इन्सर्ट-आर दाबून फोटोतली अक्षरं ओळखता येतात, पण इंडेंटेशनचा भरवसा राहत नाही आणि शून्याचा ओ होतो. फोटोऐवजी फाइलच पाठवावी.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी सोपी चाचणी अशी: माउस काढून ठेवा, एनव्हीडीए सुरू करा, इन्सर्ट-कंट्रोल-एस्केप दाबून पडदा काळा करा आणि एक फाइल उघडून, चालवून, चूक दुरुस्त करून दाखवा. नुसत्या चित्राचं बटन असेल तर फक्त 'बटन' ऐकू येईल, म्हणजे त्याला नाव द्यायचं राहिलं आहे. सूचना येताच वाचन मध्येच तुटत असेल तर ती 'असर्टिव्ह' ठेवली आहे. बहुतेक सूचनांना 'पोलाइट', म्हणजे चालू वाचन संपेपर्यंत थांबणारा प्रकार, पुरतो, बिल्ड फसल्यासारख्या मोजक्या ठिकाणीच तोडणं योग्य. पडदा परत उजळवून टूल्समधला स्पीच व्ह्यूअर उघडला की बोललेलं सगळं मजकुरात दिसतं. तक्रार नोंदवताना काय ऐकू आलं ते त्यातूनच चिकटवावं आणि काय ऐकू यायला हवं होतं ते त्याखाली लिहावं. सोबत एनव्हीडीए, विंडोज आणि त्या प्रोग्रामची आवृत्ती द्यावी. 'स्क्रीन रीडर चालत नाही' एवढ्यावरून कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही.