भाकर, निरे दूध आणि वचन : बेळगाव सीमाभागातील शास्त्रवाचनाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी ख्रिस्ती घरांत ‘आत्मिक अन्न’ हा शब्द इतका रुळला आहे की ती एक उपमा आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही. आजाऱ्याला भेटायला गेलेली मंडळी ‘एक वचन देऊन’ उठतात, आणि बरेच दिवस उपासनेला न आलेल्या माणसाविषयी ‘आत्म्याची उपासमार चालली आहे’ अशी काळजी बोलून दाखवली जाते. ही भाषा मुळात कुठली, ती या सीमाभागात कोणत्या वाटेने आली आणि तिच्यातले अन्न घरोघरच्या ताटात कसे पडले, याचा मागोवा येथे घेतला आहे. हा इतिहास चाळताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते : माणूस ज्या भाषेत आईकडे जेवायला मागतो, त्या भाषेत हाती आलेले आणि रोज थोडे थोडे चावून खाल्लेले शास्त्रच, म्हणजे बायबलच, त्याला वाढवते.

उपमेचे मूळ इस्राएलाच्या अरण्यप्रवासात आहे. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे देवाने रानात पुरवलेले अन्न, रोज सकाळी वेचायचा आणि माणशी एक ओमर या मापाइतकाच घ्यायचा, असा नियम आहे. ज्यांनी तो दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथापुरती, म्हणजे विश्रांतीच्या दिवसापुरती, तेवढी दुप्पट वेचण्याची मुभा होती. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे त्याच मान्न्याची आठवण देऊन सांगतो की मनुष्य केवळ भाकरीने नव्हे, तर परमेश्वराच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगतो, आणि येशूने चाळीस दिवसांच्या उपासानंतर, रानातल्या परीक्षेत, याच वाक्याचा आधार घेतला. वचनाला अन्न म्हणणारी ही दोन्ही ठिकाणे भुकेच्या प्रसंगातली आहेत, हे विसरता कामा नये. पुढे संदेष्ट्यांपैकी यिर्मया म्हणतो की तुझी वचने मला सापडली आणि मी ती खाल्ली; यहेज्केलाला गुंडाळी खायला दिली जाते आणि ती त्याच्या तोंडात मधासारखी गोड लागते; आमोस तर अन्नपाण्याच्या दुष्काळाहून वेगळ्या, परमेश्वराची वचने ऐकण्याच्या दुष्काळाचा इशारा देतो. अथणी, रायबागकडच्या कोरड्या पट्ट्यात ज्यांनी दुष्काळाच्या कथा घरात ऐकल्या आहेत, त्यांना आमोसाच्या त्या शब्दाचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

नव्या करारात या उपमेला वाढीचा विचार जोडला गेला. पेत्राच्या पहिल्या पत्रात नूतन जन्मलेल्या बालकांसारखी निऱ्या दुधाची इच्छा धरा, म्हणजे त्याच्या योगाने तुमची वाढ होईल, असा बोध आहे. येथे मराठी भाषांतरकारांनी निवडलेला ‘निरे’ हा शब्द फार नेमका आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘ज्यात कपट नाही’ असा असून, भेसळ नसलेल्या मालासाठीही तो व्यवहारात वापरला जात असे. आपल्याकडे गावच्या डेअरीत पहाटे किटल्यांची रांग लागते, दुधाचे माप आणि फॅट तपासले जाते, पाणी घातलेले दूध तिथल्या तिथे उघडे पडते. ‘निरे’ म्हणजे काय, हे त्या रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही विचारावे.

पौल आणि इब्री लोकांस पत्र लिहिणारा लेखक मात्र हेच दूध वेगळ्या अर्थाने आणतात. करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, पौल सांगतो की मी तुम्हांला दूध पाजले, जड अन्न दिले नाही, कारण तुमची तयारी नव्हती. इब्री पत्राचा पाचवा अध्याय त्याहून कडक आहे : एव्हाना शिक्षक व्हायला हवे होते अशा माणसांना अजून मुळाक्षरे शिकवावी लागत आहेत, अशी ती तक्रार आहे. आपल्या घरात बाळाचे उष्टावण करतात, खिरीचा पहिला घास त्याच्या ओठांना लावतात, आणि त्यानंतरही ते वर्षानुवर्षे केवळ दुधावर राहिले तर आई धास्तावते; इब्री पत्राच्या लेखकाची व्यथा नेमकी तीच आहे. पेत्राचे दूध सर्वांसाठी आणि कायमचे, तर इब्री पत्रातले दूध सुटायला हवे असलेले, हा फरक लक्षात न घेता दोन्ही उतारे एकत्र कालवले की उपदेश गोंधळात पडतो, असे मला वाटते.

पहिल्या शतकांतील मंडळ्यांनी ही उपमा प्रत्यक्ष कृतीत आणली. नुकताच बाप्तिस्मा झालेल्यांना दूध आणि मध चाखायला देण्याची रीत तर्तुल्यन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाच्या लेखनात नोंदलेली आहे. मध्ययुगीन मठांत वाचनाचा संबंध चर्वणाशी जोडला गेला. बाराव्या शतकातील कार्थुशियन संन्यासी दुसरा गिगो याने लिहिले की वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थनेला त्याची चव लागते आणि चिंतन म्हणजे ती गोडीच होय. या चर्वणाला लॅटिनमध्ये जो शब्द होता, त्याचा सरळ मराठी अर्थ ‘रवंथ’ असा आहे. पहिल्या स्तोत्रातील ‘मनन’ या शब्दामागचा इब्री शब्दही मौनाचा नाही. तो ओठांनी पुटपुटण्याचा आहे, आणि यशयाने तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी वापरला आहे. पारायणाची आणि नामस्मरणाची सवय असलेल्या मराठी मुलखाला तोंडाने केलेले मनन परके वाटण्याचे कारण नव्हते.

मराठीत हे अन्न वाढण्याचा पहिला मोठा प्रयत्न बेळगावच्या घाटाखाली, गोव्यात झाला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या चरित्रापर्यंतची कथा आहे. त्याच्या आरंभी एक विद्वान नवख्रिस्ती विचारतो की जुनी पुराणे तर आम्ही सोडली, मग आता वाचायला आम्हांला त्या जोडीचे काय देता? मला हा प्रश्न सगळ्या पार्श्वभूमीचा गाभा वाटतो, कारण तो भुकेल्याचा प्रश्न आहे. त्या पहिल्या छपाईची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हाताने नकलून घेणाऱ्या कुटुंबांमुळे. गोव्यातून दक्षिणेकडे सरकलेल्या ख्रिस्ती लोकांनी तो जपला आणि १९०७ मध्ये त्याची नवी आवृत्ती मंगळुरात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, निघाली.

तरी क्रिस्तपुराण हे शास्त्राचे भाषांतर नव्हते. ते काम बंगालमधील श्रीरामपूरला सुरू झाले. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये मराठीत छापला. त्या काळी मराठी व्यवहाराची लिपी मोडी असल्याने त्यांनी मोडीचेही खिळे पाडून घेतले. त्या मराठीवर बंगालच्या अंतराचा परिणाम होता आणि ती लवकरच मागे पडली. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला, आणि १८४७ मध्ये संपूर्ण मराठी बायबल तयार झाले.

बेळगावात शास्त्र आले ते याच दरम्यान. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर हा प्रदेश कंपनीकडे गेला, येथे छावणी झाली आणि १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून येथे आले. बळ्ळारीत जॉन हँड्स कन्नड भाषांतरात गुंतलेले होते आणि संपूर्ण कन्नड बायबल १८३१ च्या सुमारास पूर्ण झाले. म्हणजे बेळगावची मंडळी जन्मली तीच दोन भाषांच्या मध्ये. छावणीतल्या मद्रासी शिपायांमुळे तमिळचीही त्यात भर पडली. टेलर यांच्या जोडीला विल्यम बेनन आले, शाळा निघाल्या, आणि १९०४ मध्ये हे काम मेथडिस्ट मंडळीकडे सोपवण्यात आले.

त्या शाळांच्या इतिहासात बाबा पदमनजी यांचे नाव वेगळे काढून पाहायला हवे. १८३१ मध्ये बेळगावात, कासार कुटुंबात जन्मलेले बाबा येथल्याच मिशन शाळेत शिकले आणि मुंबईतील शिक्षणानंतर १८५४ मध्ये बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘यमुनापर्यटन’मुळे वाचक त्यांना ओळखतात, परंतु आयुष्याचा मोठा काळ त्यांनी मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आणि शास्त्राच्या संपादनात घालवला, नव्या करारावर भाष्य लिहिले, कोश रचले. बेळगावच्या गल्लीत मराठी शिकलेल्या माणसाने मराठी मंडळीला शास्त्र वाचायला मदत केली, ही या भागाच्या अभिमानाची बाब आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही.

भाषांतरकारांनी ग्रीकमधल्या रोजच्या अन्नवाचक शब्दासाठी ‘भाकर’ हा शब्द घेतला, हा मला त्यांचा सर्वांत मोठा उपकार वाटतो. ‘जीवनाची भाकर मीच आहे’ आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ ही वाक्ये ज्वारीच्या मुलखात ऐकली गेली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. कढत पाण्यात पीठ काटवटीवर तळहाताने रगडून रगडून मळावे लागते, नाहीतर थापताना कडा फाटतात. शिवाय मळलेले पीठ फार वेळ ठेवून चालत नाही, एकेका भाकरीपुरते मळायचे, थापायचे आणि तव्यावर टाकायचे. माझी आजी निरक्षर होती. ती चुलीपुढे भाकरी थापत असताना मी उंबऱ्यावर बसून एक स्तोत्र वाचायचे, असा तिचा दंडक होता. हात चालू ठेवून ती प्रत्येक ओळ माझ्यामागून म्हणायची आणि एखादी ओळ निसटली तर थापणे थांबवून ‘ते परत वाच बाळा’ म्हणायची. शेवटची भाकर उतरेपर्यंत स्तोत्र तिच्या तोंडी बसलेले असे.

आजीसारख्या अनेकींपर्यंत शास्त्र पोहोचले ते कानांनी. घरोघर जाऊन वाचून दाखवणाऱ्या बायबल वूमन, रविवारच्या शाळेत पाठ करून घेतलेली सोनेरी वचने, आणि विशेषतः गीते यांनी हे काम केले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन या मराठी भक्तीच्या वाटा मंडळीत मोकळ्या केल्या, आणि वाचता न येणाऱ्यालाही शास्त्राचा अर्थ गुणगुणता येऊ लागला. पंडिता रमाबाईंनी तर अशाच साध्या बायकांना कळावे म्हणून इब्री व ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्राचे नवे मराठी भाषांतर केले. कर्नाटकातल्या घाटात, गंगामूळ येथे १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी हे काम १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी संपवले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते १९२४ मध्ये बाहेर पडले.

कॅथॉलिक मंडळीत हा प्रवास वेगळ्या गतीने झाला. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा मिस्सा, म्हणजे मुख्य उपासनाविधी, लॅटिनमध्येच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट करून दिली, आणि १९६५ च्या दस्तऐवजात देवाच्या वचनाचे आणि ख्रिस्ताच्या शरीराचे एकच मेज असल्याचे सांगून सर्व श्रद्धावंतांना शास्त्रवाचनाचा आग्रह केला. कोकणी, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या येथल्या कुटुंबांना त्यानंतर आपापल्या भाषेत त्या मेजाशी बसता आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, आणि त्याचा परिणाम शास्त्रवाचनावरही हळूहळू दिसू लागला. मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकू लागली. घरात मराठी बोलणाऱ्या अनेक तरुणांना देवनागरीतले जोडाक्षरांचे पान अडखळत वाचावे लागते, आणि आजोबांचे पवित्र शास्त्र कपाटात तसेच राहते. याचे मला मनापासून वाईट वाटते. पण कन्नड शास्त्र वाचणाऱ्या मुलाला दोष देणे चुकीचे आहे, कारण या मंडळीच्या घरात फार पूर्वीपासून दोन्ही शास्त्रे आहेत, आणि मराठी शास्त्रात जिथे ‘जीवनाची भाकर’ आहे तिथे कन्नड शास्त्रात रोट्टी आहे. शेजारच्या कन्नड घरातली जोळद रोट्टी आणि आमची ज्वारीची भाकर एकाच पिठाची असते.

आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला पुतणी कन्नड शास्त्र उघडते आणि तिचे आजोबा मराठी. ती एक वचन वाचते, ते पुढचे वाचतात. अध्याय आणि वचनांचे आकडे दोन्हीकडे सारखेच असल्याने कोणी चुकत नाही. तिला एखादा कन्नड शब्द अडला की ती आजोबांच्या पानावर बोट ठेवते, आणि त्यांना अक्षर दिसेनासे झाले की तेवढे वचन ती त्यांच्यासाठी देवनागरीतून, एकेक अक्षर लावत, वाचून देते.