चार वेळा आडनाव बदललेला जिवाणू

काचेच्या चंबूत खारं पोषकद्रव्य घालून फिशेरी हा समुद्रातला चमकता जिवाणू वाढवायला ठेवला, की पहिले काही तास अंधारच दिसतो. जिवाणूंची पुरेशी दाटी झाली की चंबू निळसर-हिरवा उजळू लागतो. उजेड मंदावला तर चंबू नुसता हलवावा: प्राणवायू मिसळतो आणि प्रकाश पुन्हा चढतो. (हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर लाटा चमकतात, तो उजेड बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा असतो. तो धक्का बसला की क्षणभर लुकलुकतो, हा जिवाणू मात्र संथ जळत राहतो.)

1889 मध्ये हॉलंडमधले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक यांनी त्याचं नाव ठेवलं फोटोबॅक्टेरियम फिशेरी, म्हणजे 'प्रकाश देणारा जिवाणू'. 'फिशेरी' हे समुद्रातल्या चमकत्या जिवाणूंचा आधी अभ्यास केलेल्या बर्नहार्ड फिशर यांच्या नावावरून. सजीवांच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. पहिला म्हणजे आडनावच म्हणा. ते कोणत्या घरातलं हे सांगतं, आणि घोळ नेमका तिथेच झाला.

1896 मध्ये लेमान आणि नॉयमान या जर्मन अभ्यासकांनी त्याला व्हिब्रिओ प्रजातीत नेलं. हे घर इटलीतले शास्त्रज्ञ पाचिनी यांनी 1854 मध्ये कॉलऱ्याच्या जिवाणूसाठी उभारलेलं: स्वल्पविरामासारखे वाकडे, शेपटीच्या झटक्याने पळणारे जिवाणू. 1970 च्या दशकात तो पुन्हा फोटोबॅक्टेरियममध्ये आला, 1980 मध्ये परत व्हिब्रिओत गेला. प्रत्येक वेळी निकष बदलला होता: कधी उजेड, कधी आकार, कधी कोणती साखर पचते ते.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की उजेडावरून नातं ठरत नाही. प्रकाश निर्माण करणारी जनुकं एका वंशातून दुसऱ्यात जाऊ शकतात, आणि एकाच घरातल्या काही जाती अंधाऱ्याच राहतात. म्हणून अखेर जनुकांचेच क्रम जुळवून पाहिले गेले. 2007 मध्ये उर्बान्चिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फिशेरी आणि त्याचे तीन जवळचे भाऊ मिळून एक वेगळीच फांदी आहे. तिला त्यांनी नाव दिलं अलीव्हिब्रिओ. लॅटिनमध्ये 'अलियस' म्हणजे दुसरा, म्हणून हा 'दुसरा व्हिब्रिओ'. भावांपैकी सॅल्मोनिसिडा सॅमन माशांना मारतो. वोडॅनिस हे नाव तर नॉर्डिक देव वोडानवरून आलंय.

फिशेरीचं सगळ्यात प्रसिद्ध राहतं घर मात्र हवाईच्या उथळ समुद्रात आहे. युप्रिम्ना स्कोलोप्स हा माकुलाच्या कुळातला, अंगठ्याएवढा प्राणी. त्याचं पिल्लू जन्मतः जिवाणूविना असतं. काही तासांतच ते समुद्रातून नेमका फिशेरी टिपून आपल्या प्रकाश-अवयवात जागा देतं. रात्री चांदण्याशी जुळणारा उजेड पोटाखालून पडला, की खालून पाहणाऱ्या शिकाऱ्याला त्याची सावली दिसत नाही. पहाट झाली की तो यातले बहुतेक जिवाणू बाहेर टाकतो, उरलेले दिवसभरात पुन्हा वाढतात.

या माकुलावर काम करणारे अनेक शास्त्रज्ञ आजही 'व्हिब्रिओ फिशेरी' असंच लिहितात, आणि ते चूक नाही. नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम नाव कसं ठेवावं ते ठरवतात, नात्याबद्दलचं मत ठरवत नाहीत. रीतसर प्रसिद्ध झालेली जुनी नावंही वैधच राहतात. त्यामुळे या जिवाणूवर काही वाचायचं असेल, तर दोन्ही नावांनी शोधा. एकाच नावाने शोधलंत तर बरंच साहित्य नजरेतून निसटेल.