चेक कुणाच्या खात्यातला? एंजल गुंतवणूकदार आणि व्हीसी

मागच्या महिन्यात संभाजीनगरला क्रांती चौकाजवळ चहा घेताना जालन्याचा एक पोरगा भेटला. तुरीतली ओल मोजणारं हातात मावेल एवढं यंत्र तो बनवतोय. मोंढ्यात आडत्या दाणा दाताखाली धरतो, "ओला आहे" म्हणतो आणि भाव कापतो, हे त्यानं लहानपणापासून वडिलांशेजारी उभं राहून पाहिलंय. "सर, एक व्हीसी दहा लाख द्यायला तयार झालेत," तो म्हणाला. कोण म्हणून विचारलं, तर पुण्याच्या आयटी कंपनीतून निवृत्त झालेले एक मोठे साहेब, मूळचे परभणीचे. पैसे त्यांच्या स्वतःच्या बचतीतले.

म्हणजे ते व्हीसी नाहीत. व्हीसी म्हणजे व्हेंचर कॅपिटलिस्ट, दुसऱ्यांचा पैसा फंडात गोळा करून नव्या कंपन्यांत घालणारा. हे साहेब एंजल गुंतवणूकदार आहेत, स्वतःच्या खिशातला पैसा घालणारे.

हा घोळ आपल्याकडे सर्रास होतो आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. दोघंही बहुतेकदा टेक कंपनीत वरच्या पदावर राहिलेले, दोघंही आता नव्या कंपन्यांत पैसा घालणारे. दोघांपैकी कुणीही सावकार नाही. हा व्यवहार बटईसारखा आहे, व्याज नाही, पिकात वाटा. पीक बुडालं तर त्यांचाही पैसा बुडाला. पण बटईला घेतलेला पैसा कुणाचा, यावर पुढचं सगळं ठरतं.

एकाच कंपनीतून निघालेली दोन माणसं बघा. १९८२ साली कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही संगणक बनवणारी कंपनी उभी राहिली. तिच्या चार संस्थापकांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला होते आणि अँडी बेक्टोल्सहाइम होते. खोसला पहिले सीईओ. पुढे १९८६ मध्ये ते क्लायनर पर्किन्स या व्हेंचर कॅपिटल फर्ममध्ये भागीदार झाले आणि २००४ मध्ये त्यांनी स्वतःची फर्म काढली. कंपनी चालवणारा माणूस दुसऱ्यांचा पैसा सांभाळून कंपन्या निवडणारा झाला.

बेक्टोल्सहाइम यांनी ऑगस्ट १९९८ मध्ये पालो अल्टोतल्या एका प्राध्यापकाच्या घराच्या ओसरीवर लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांचं सर्च इंजिन पाहिलं आणि तिथंच एक लाख डॉलरचा चेक फाडला, 'गुगल इन्कॉर्पोरेटेड'च्या नावानं. त्या नावाची कंपनी तेव्हा अस्तित्वातच नव्हती! तिची नोंदणी सप्टेंबरात झाली, तोवर चेक टेबलाच्या खणात पडून होता. पैसा स्वतःचा, म्हणून कुणाला विचारायचं नव्हतं. हा एंजल.

जून १९९९ मध्ये क्लायनर पर्किन्स आणि सिकोया या दोन व्हीसी फर्मनी मिळून त्याच गुगलमध्ये अडीच कोटी डॉलर घातले. क्लायनरकडून हा व्यवहार जॉन डोअर यांनी केला, जे आधी इंटेलमध्ये होते. पैशासोबत दोन्ही फर्मची माणसं संचालक मंडळावर आली. हे व्हीसीचं काम.

व्हीसी म्हणजे मोठ्या भिशीचा कारभारी म्हणा, फक्त ही भिशी साधारण दहा वर्षांची असते. पैसा पेन्शन फंडांचा, विमा कंपन्यांचा, श्रीमंत घराण्यांचा. कारभाऱ्याला रूढ पद्धतीनं वर्षाला दोन टक्के शुल्क आणि नफ्यात वीस टक्के वाटा मिळतो. आपल्याकडे असा फंड सेबीच्या २०१२ च्या नियमांखाली नोंदवावा लागतो आणि त्यात पैसे घालणाऱ्याला साधारणपणे किमान एक कोटी द्यावे लागतात.

आता हिशोब करू, कारण खरी मेख इथं आहे. समजा शंभर कोटींचा फंड आहे आणि त्याला तीनशे कोटी परत द्यायचेत. बऱ्याच कंपन्या बुडणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून प्रत्येक कंपनीकडं तो "ही एकटीच फंड तारेल का?" याच नजरेनं बघतो. कंपनीतल्या पंधरा टक्के वाट्यातून तीनशे कोटी हवे असतील तर कंपनी दोन हजार कोटींची व्हायला हवी. आपल्या पोराची कंपनी दहा वर्षांत चाळीस कोटींना विकली गेली तर फंडाला मिळतील सहा कोटी. फंडाच्या लेखी ती फसलेलीच. तेच परभणीच्या साहेबांनी दहा लाखांत दोन टक्के घेतले असते, तर मधे नवे गुंतवणूकदार येऊन वाटा कमी झाला नाही असं धरून, हाती आले असते ऐंशी लाख.

मराठवाड्यातल्या पोरांनी हे जपून समजून घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं. तुरीचं यंत्र तुरीच्या हंगामातच तपासता येतं. यंदा चुकलं तर पुढची तूर येईपर्यंत थांबायचं. दहा वर्षांच्या फंडाला दर तिमाहीत वाढीचे आकडे हवे असतात, आणि पीक वर्षातून एकदाच येतं. काही धंदे झपाट्यानं पसरतात, त्यांना व्हीसी हवाच. सगळ्यांना नको.

स्वभावही वेगळे पडतात. एंजल साहेब रविवारी फोन करून सर्किटची चौकशी करतील, सल्ला जास्तच देतील. व्हीसीला मंडळाची बैठक, हिशोबाचे तक्ते, पैसा उभारायच्या पुढच्या फेरीची तयारी हवी. कालपर्यंत हजार माणसांना हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला व्हीसी झाल्यावर रोज बहुतेकांना नकार द्यावा लागतो, आणि निवडलेल्या कंपनीतही खुर्ची दुसऱ्याचीच असते.

पोरानं तिथूनच साहेबांना फोन लावला. "काका, हे पैसे तुमचेच ना? किती हंगाम थांबाल?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानं वहीत लिहिलं: चार तुरी.