पोरगं झोपलं, पण डॉक्टरचं काय?

लहान मुलाच्या दातांचं काम भूल देऊन करायचं ठरलं की घरच्यांना जरा हायसं वाटतं. पोरगं रडणार नाही, हात झाडणार नाही, कुणाचं बोट चावणार नाही आणि डॉक्टरलाही निवांत काम करता येईल. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं खरं. मी मुलांची डेंटिस्ट आहे, आमच्यात पेडो म्हणतात, आणि रडणारं मूल जास्त डोकं खातं की झोपलेलं असं कुणी विचारलं तर मला पटकन सांगता येणार नाही.

आधी रडणाऱ्याचं बघू. मुलाच्या किंकाळीत एक खरखर असते, म्हणजे आवाजाचा जोर सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वरखाली होत असतो, आपल्या साध्या बोलण्यात हे जवळपास नसतं. २०१५ च्या एका संशोधनात दिसलं की ही खरखर जितकी जास्त तितका मेंदूतला अमिग्डाला जास्त जागा होतो, आणि अमिग्डाला म्हणजे धोका ओळखणारी यंत्रणा. त्यामुळे 'सवय झाली असेल ना आता तुम्हाला' असं लोक म्हणतात तेव्हा मी हो म्हणते, पण हा आवाज ऐकून माणसाने उठून धावावं अशीच त्याची रचना आहे. आणि आम्ही धावत नाही, आम्ही हसतो. 'अरे वा, किती शूर आहेस तू' म्हणत एका हाताने इंजेक्शन मागे लपवतो. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं असं कामाचा भाग म्हणून सतत करावं लागणं याला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रम म्हटलं, त्यांनी अभ्यास केला होता एअर होस्टेसचा. विमानात निदान प्रवासी चावत तरी नाहीत.

मग यातून सुटका म्हणून सेडेशन, म्हणजे औषधाने गुंगी देणं. नायट्रस ऑक्साइड म्हणजे हसवणारा वायू नाकावर मास्क लावून देतात, तो त्यातल्या त्यात सुरक्षित, कमी जास्त करता येतो, बंद करून काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की मूल ताळ्यावर येतं. (रडणारं मूल तोंडाने श्वास घेतं आणि वायू खोलीत पसरतो, तो रोज आमच्या आणि असिस्टंटच्या नाकात जातो, म्हणून तो खेचून घेणारी सिस्टिम लागते, पण तो विषय वेगळा.) त्याने भागलं नाही तर तोंडावाटे मिडॅझोलम हे गुंगीचं औषध. इथे गोची अशी की पाजलेलं औषध परत घेता येत नाही. कुठलं मूल पंधरा वीस मिनिटांत छान गुंगतं, कुठलं थुंकूनच टाकतं आणि मग नक्की किती पोटात गेलं याचा अंदाज बांधत बसा, आणि एखादं तर उलटंच जास्त चिडतं, रडायला लागतं, तेही या औषधाबाबत माहीत असलेलं आहे.

पुस्तकात सेडेशनच्या पायऱ्या असतात, हलकी, मध्यम, खोल, मग पूर्ण भूल. मुलाला या पायऱ्या माहीत नसतात. मध्यम ठरवलेलं पोरगं न सांगता खोल उतरू शकतं. आणि लहान मुलाचं शरीर वेळ कमी देतं, किलोमागे त्याला मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो, फुप्फुसातला साठा मात्र लहान, जीभ मोठी, बऱ्याच जणांचे टॉन्सिल्स सुजलेले, त्यामुळे श्वास अडला की सॅचुरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, भराभर खाली येतं. त्यात आमचं काम नेमकं त्याच वाटेवर, तोंडातच. एअरोटर म्हणजे दात कोरायच्या यंत्रातून पाण्याचा फवारा येतो, तो सक्शनने ओढला नाही आणि थोडं पाणी घशात गेलं तर स्वरयंत्र आवळून बसू शकतं आणि हवा जायची बंद.

आता कानाचं सांगते, कारण तिथेच सगळी मेख आहे. पल्स ऑक्सिमीटर मुलाच्या बोटाला लावलेला असतो आणि प्रत्येक ठोक्याला टूं टूं करतो, सॅचुरेशन खाली गेलं की त्याचा सूरही खाली जातो. हे फार हुशारीचं डिझाइन आहे, स्क्रीनकडे न बघता कळतं. पण मी काय करत असते, तर भिंगाचा चष्मा लावून शेंगदाण्याएवढ्या दाढेतली कीड काढत असते, एअरोटर कानाजवळ किंचाळत असतो आणि सक्शन घरघरत असतं. शिवाय २०११ च्या एका प्रयोगात असं दिसलं होतं की डोळ्यांना अवघड काम दिलं की समोर वाजलेला साधा सूरही बऱ्याच लोकांना ऐकूच येत नाही. कान ठीक असतात, मेंदूकडे लक्ष उरलेलं नसतं. म्हणजे दात नीट करायचा तर सूर निसटू शकतो आणि सूर पकडत बसायचं तर दात बिघडतो. रोज दोन्ही करायचं असतं.

नुसतं लक्ष ठेवून बसणं हेही आरामाचं काम नाहीये बरं का. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा का सुटतात हे शोधताना ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी लोकांना घड्याळासारख्या एका काट्यासमोर बसवलं, काटा मधूनच दुप्पट उडी मारायचा ती ओळखायची, बस एवढंच. १९४८ मध्ये त्यांनी लिहिलं की पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढायला लागतात. पुढच्या काळात हेही दिसलं की काहीच घडत नसताना सावध राहणं मेंदूला थकवतं आणि ताण देतं. आमची भुलेची केस दीड दोन तास सहज चालते.

मला विचाराल तर सगळ्यात वाईट ताण या मधल्या सेडेशनचा. १९७९ मध्ये कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कारासेक यांनी मांडलं होतं की कामाची मागणी जास्त आणि ताबा कमी असेल तिथे माणूस जास्त पिचतो. रडणाऱ्या मुलाला थांबून गोष्ट तरी सांगता येते, पूर्ण भुलेत ॲनेस्थेटिस्ट म्हणजे भूलतज्ज्ञ डोक्याशी उभे असतात, पण अर्धवट गुंगीतल्या मुलाला समजावताही येत नाही आणि त्याच्या श्वासाची जबाबदारी मात्र डोक्यावर.

म्हणून खरा प्रश्न एकच, बघतंय कोण. जे हात दात करतायत त्याच माणसाने भूल पण सांभाळावी का? ब्रिटनमध्ये पूर्वी गल्लीतल्या दवाखान्यात डेंटिस्टच्या खुर्चीवर पूर्ण भूल द्यायचे, मृत्यू झाले, त्यात मुलंही होती, शेवटी डिसेंबर २००१ नंतर हे बंद करून फक्त हॉस्पिटलमध्येच असा नियम केला. खुर्चीवरची भीती गेली, पण डेंटिस्टच्या डोक्यावर वेटिंग लिस्ट आली, दुखणारं मूल समोर आणि तारीख लांबची. इंग्लंडमध्ये ५ ते ९ वयाच्या मुलांना हॉस्पिटलात दाखल करण्याचं सगळ्यात मोठं कारण आजही किडलेले दात आहे, वाचून विश्वास बसत नाही पण आहे. अमेरिकेतही असे मृत्यू झाले, तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलं की खोल सेडेशन किंवा भूल असेल तर डेंटिस्टशिवाय दुसरा प्रशिक्षित माणूस हवा, ज्याचं काम फक्त मुलाकडे बघणं. ताण कमी करायला आम्हाला योगा, मेडिटेशनची लेक्चर्स देतात, द्या बापडे, पण या एका जादा माणसाने जेवढा ताण उतरतो तेवढा कशानेच उतरत नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पेडो मुलाला हॉस्पिटलच्या ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये घेऊन जातात नाहीतर ॲनेस्थेटिस्टना क्लिनिकवर बोलावतात. पूर्ण भुलेत मूल शांत असतं, पण तिथे निर्णयांचं ओझं असतं. जागेपणी मूल तोंडच उघडत नव्हतं म्हणून एक्सरे निघालेला नसतो, झोपल्यावर काढला की कळतं सहा नाही नऊ दात गेलेत, मग मधेच बाहेर येऊन आईवडिलांना सांगा, खर्च वाढणार सांगा, परत सही घ्या. तळ्यातमळ्यात असलेला दात ठेवायचा की काढायचा, कारण तो सहा महिन्यांनी बिघडला तर परत भूल द्यावी लागेल, मग फिलिंगच्या ऐवजी स्टीलची कॅपच बसवली जाते. बधिर करायच्या औषधाचा हिशोबही डोक्यात चालू, १२ किलोचं मूल, किलोला ४.४ मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर ५२.८, म्हणजे २ टक्के लिग्नोकेन जेमतेम २.६ मिली, पाच मिलीची अर्धी सिरिंज म्हणा हवं तर, आणि दात चारी कोपऱ्यात. घशात गॉजचा पॅक ठेवला असेल तर तो शेवटी निघाला का, हे मोठ्याने बोलून, फळ्यावर लिहून तपासतात, कारण तो विसरला आणि श्वासासाठी घातलेली नळी काढली तर मूल तिथेच गुदमरेल.

काम झाल्यावर मूल उठतं ते सेवोफ्लुरेन या हुंगायच्या औषधाच्या भुलेतून, आणि शाळेत न जाणाऱ्या वयातली बरीच मुलं त्यातून उठताना वेड्यासारखी रडतात, आईलाही ओळखत नाहीत. थोड्या वेळात आपोआप थांबतं. पण आई घाबरून माझ्याकडे जे बघते ना, दोन तासांच्या कामाचा शिणवटा परवडला.

घरच्यांचे प्रश्न ठरलेले. 'दुधाचेच दात ना मॅडम, पडणारच आहेत, मग भूल कशाला?' तर मागच्या दुधाच्या दाढा दहा बारा वर्षांपर्यंत लागतात आणि पू झालेली दाढ तोवर थांबत नाही. दुसरा, डोक्यावर परिणाम होईल का. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला होता तो ३ वर्षांखालच्या मुलांना ३ तासांपेक्षा लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलेबद्दल. तान्ह्या बाळांना एकदाच, तासाभराच्या आत दिलेल्या भुलेचा नंतर मोठा अभ्यास झाला, पाच वर्षांचे झाल्यावर त्यांच्या बुद्धीत फरक दिसला नाही. दातांची केस मात्र तासात आटपेलच असं नाही, त्यामुळे लहान मुलाची केस थांबण्यासारखी असेल तर आम्हीही थांबतो.

आणि सकाळचा उपास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, अंगावरचं दूध चार तास, वरचं दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, कारण भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. 'अगं बाई, कपभर दूधच तर दिलंय, लेकराला उपाशी किती ठेवायचं' असं आजी ओटीच्या दारात सांगतात तेव्हा बाकीचे सगळे त्यांच्यावर ओरडतात. मी ओरडत नाही. आजींनी सांगितलं म्हणून कळलं, केस परवावर टाकता येते, ॲनेस्थेटिस्ट थोडे कुरकुरतात, चालतंय. न सांगणाऱ्या घराची भीती वाटते, म्हणून आदल्या रात्री फोन करते तेव्हा आईशी बोलून झालं की म्हणते, आजींना द्या जरा फोन.