धक्कादायक खुलासा, ४४ घरं: मराठी वृत्तवाहिन्या आणि अँकर इथवर कसे आले

मराठीत ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण. शिक्षण खात्यानं मुख्याध्यापकांकडून खुलासा मागवला, असं आपण म्हणतो. वृत्तवाहिनीवर मात्र ‘धक्कादायक खुलासा’ होतो, म्हणजे गौप्यस्फोट. हा अर्थ हिंदीतला. ‘आरक्षणाला घेऊन’ हे ‘को लेकर’चं कलम आणि ‘मोठी बातमी समोर येतेय’ हीही हिंदी पट्टीच, फक्त लिपी न बदलता मराठीत आलेली. बातमीदाराच्या दर वाक्यात येणारं ‘त्या ठिकाणी’ मात्र कुठूनच आलेलं नाही. पुढचं वाक्य सुचेपर्यंत घेतलेला तो श्वास आहे.

अँकरचा दर्जा घसरला, असं म्हणणारे हीच उदाहरणं देतात, आणि ती खरी आहेत. पण ही मंडळी अडाणी म्हणून असं झालं, हे उत्तर फार सोपं आहे. ही भाषा वाहिन्यांच्या जमाखर्चातून आली.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तिथल्या बातम्या स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे यांनी वाचल्या. तेव्हाचा शब्द ‘वृत्तनिवेदक’ होता आणि कामही तेवढंच होतं. दुसऱ्यानं लिहिलेला, तपासलेला मजकूर ठरलेल्या मिनिटांत नीट वाचायचा. नीट वाचणं सोपं नव्हे. मराठी लिपीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन उच्चार एकाच अक्षरात लपलेले असतात. ‘चार जिल्ह्यांत चारा छावण्या’ या मथळ्यात ‘चार’चा च वेगळा आणि ‘चारा’चा वेगळा. कागद तो फरक दाखवत नाही, कॅमेऱ्यापुढे मजकूर सरकवणारा प्रॉम्प्टरही नाही. आधी एकदा मोठ्यानं वाचून बघायला वेळ मिळाला, तरच जीभ अडखळत नाही. त्या पिढीला तो वेळ मिळत होता. बातमी मात्र सरकारी असे. मंत्र्यांची उद्घाटनं आधी, दुष्काळ नंतर. जुन्या निवेदकांची आठवण काढताना हा भाग सहसा गाळला जातो.

१९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २०००मध्ये ई टीव्ही मराठी आली. दोन्ही मनोरंजन वाहिन्या, त्यांत बातमीपत्रं ठरावीक वेळी. या टप्प्याचं श्रेय कुणी फारसं देत नाही, पण मराठी दूरचित्रवाणीची बातमी जिल्ह्यात पोचली ती इथे. बातमीपत्राचा खर्च मालिका आणि सिनेमांच्या जाहिरातींतून निघायचा. बातमीला स्वतःचं पोट भरावं लागत नव्हतं.

ते ओझं आलं २००७ मध्ये. त्या वर्षी झी २४ तास आणि स्टार माझा सुरू झाल्या. स्टार माझा २०१२ मध्ये एबीपी माझा झाली. २००८ मध्ये आयबीएन लोकमत, म्हणजे आजची न्यूज १८ लोकमत, आणि साम या वाहिन्या आल्या. हिंदीत ‘आज तक’नं हाच रस्ता आधी चोखाळला होता. १९९५ मध्ये डीडी मेट्रोवरचं २० मिनिटांचं बातमीपत्र आणि २००० सालाच्या शेवटच्या दिवशी त्याचीच २४ तासांची वाहिनी.

२४ तास म्हणजे किती, ते तासाच्या मापानं पाहू. नियमाप्रमाणे तासात जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, त्यांतली १० व्यावसायिक आणि २ स्वतःच्या कार्यक्रमांची. (ही मर्यादा पाळायची की नाही यावर वृत्तवाहिन्या न्यायालयात गेल्या, ते वेगळं.) उरली ४८ मिनिटं. तयार बातमी, म्हणजे पॅकेज, साधारण दीड ते दोन मिनिटांचं. तास भरायला अशी किमान २४ पॅकेजेस लागतात. प्रत्येकामागे बातमीदार, कॅमेरामन, गाडी, दोन-तीन बाईट (लोकांची कॅमेऱ्यापुढची वाक्यं), लिहिलेली स्क्रिप्ट, व्हीओ (चित्रावर वाचलेला मजकूर) आणि संकलकाचा तास-दीड तास. याउलट चर्चेला एक अँकर, एक प्रोड्युसर आणि आपापल्या घरून जोडलेले चार पाहुणे पुरतात. ४८ मिनिटं भरतात आणि पेट्रोल लागत नाही. संध्याकाळचे तास चर्चेकडे गेले, त्याचं कारण इथे आहे.

पैसा बाहेर जाण्याची दुसरी वाट केबलची. ॲनालॉग केबलवर जेमतेम ८० ते १०० वाहिन्या मावायच्या. जुन्या टीव्ही संचांवर नीट दिसणारा प्राइम बँड त्याहून अरुंद. तिथे जागा हवी तर केबलचालकाला कॅरेज फी द्यायची. म्हणजे वर्तमानपत्रानं विक्रेत्याला कमिशन द्यायचं ते सोडून रद्दीवाल्यासारखं स्वतःच पैसे मोजून घरात शिरायचं. ३१ ऑक्टोबर २०१२ पर्यंत मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, मार्च २०१३ पर्यंत पुण्या-नागपूरसारखी शहरं आली. जागा वाढली तशा वाहिन्याही वाढल्या, आणि कोणत्या क्रमांकावर दिसायचं याचे पैसे लागू लागले. १ फेब्रुवारी २०१९ पासूनच्या दरपद्धतीत ग्राहक १०० वाहिन्यांच्या जोडणीसाठी १३० रुपये अधिक कर भरू लागला. पण मराठी वृत्तवाहिन्या बहुतेक मोफत किंवा नाममात्र दराच्या, त्यामुळे त्या रकमेतून त्यांच्या हाती फारसं काही आलं नाही. प्रेक्षक बातमीचे पैसे देतच नाही. देतो तो जाहिरातदार, आणि तो बघतो आकडा.

आता हा आकडा. कोण काय पाहतं ते मोजणाऱ्या टॅम या कंपनीच्या काळात देशभरात घराघरांत लावलेले सुमारे आठ हजार मीटर होते. २०१२ मध्ये एनडीटीव्हीनं आकड्यांत फेरफार होतो असा आरोप करत टॅममधल्या भागीदार नील्सन कंपनीवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. २०१४ मध्ये सरकारनं नियम केले: किमान २०,००० घरं, मग दरवर्षी १०,०००ची भर, ५०,००० पर्यंत. २०१५ पासून बार्क या नव्या मोजणी संस्थेचे आकडे येऊ लागले. बार्कमध्ये ६० टक्के वाटा वाहिन्यांच्या संघटनेचा. म्हणजे परीक्षेला बसणारेच परीक्षा मंडळात. यंत्रणा अशी: वाहिनी आपल्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळते, घरातला मीटर ती ऐकतो, आणि घरातला कोण टीव्ही पाहतोय ते त्या माणसानं बटण दाबून सांगायचं. बटण दाबायचं राहिलं, तर आजोबांची बातमी नातवाच्या नावावर जाते.

समजा एका राज्यात ४,००० घरांत मीटर आहेत, आणि एका सरासरी मिनिटाला एक टक्का घरं एक वृत्तवाहिनी पाहतात. म्हणजे ४० घरं. नमुना निवडीतल्या स्वाभाविक चुकीमुळे खरा आकडा ०.७ ते १.३ टक्के यांत कुठेही असू शकतो. एका आठवड्यात ‘अ’ वाहिनीला ४४ घरं आणि ‘ब’ला ३६ मिळाली, तर संख्याशास्त्र सांगेल की यातून पुढे कोण ते ठरत नाही. पण गुरुवारी आकडे येतात, ‘अ’ ‘नंबर वन’चा फलक लावते आणि ‘ब’च्या संपादकाला बोलावणं येतं. पुढच्या सोमवारी ‘ब’चा रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम, बदललेला असतो. काय बदलतं? ज्या १५ मिनिटांत आलेख वर गेला होता, तेव्हा जे चालू होतं, ते काहीही असो, जास्त वेळ लावलं जातं.

तो धडा हिंदीनं जुलै २००६ मध्येच घेतला होता. हरयाणात कुरुक्षेत्राजवळ प्रिन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा बोअरच्या खड्ड्यात पडला. त्याला बाहेर काढेपर्यंत दोन दिवस देशानं टीव्ही सोडला नाही. एक कॅमेरा, एक जागा, शेवट माहीत नाही. पुढची कित्येक वर्षं वृत्तवाहिन्या तोच खड्डा शोधत राहिल्या.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत याची काळी बाजू दिसली. नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरले ते थेट प्रक्षेपणात. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयानं या वार्तांकनावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल नियमात बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण बंद झालं, फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याची वेळोवेळची माहिती देता येते. एरवीच्या घसरणीवर स्वनियमन आहे, पण वृत्तवाहिन्यांच्या संघटनेच्या प्राधिकरणाचा कमाल दंड एक लाख रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच हा दंड निष्प्रभ असल्याचं म्हटलं.

या सगळ्यात अँकरच्या कानात काय चाललेलं असतं, हे एकदा जवळून पाहायला हवं. कानात टॉकबॅक, म्हणजे नियंत्रण कक्षातून येणारा आवाज. त्या कक्षातला, म्हणजे पीसीआरमधला, प्रोड्युसर सांगतो, ‘फोनो लागलाय, वीस सेकंद भर.’ प्रॉम्प्टर रिकामा, कारण बातमी ब्रेकिंग आहे आणि माहिती एका ओळीची आहे. ती ओळ अँकर तीन प्रकारे बोलतो. त्यातून ‘सध्याची मोठी बातमी’, ‘आपण पाहू शकता’, ‘करण्यात आलेलं आहे’ जन्माला येतात. बातमीदाराच्या पाठीवरचं यंत्र मोबाइलची चार-सहा सिम एकत्र करून चित्र पाठवतं, ते स्टुडिओत पोचायला काही सेकंद लागतात. अँकरचा प्रश्न त्याला उशिरा ऐकू येतो, तोवर तो मान हलवत उभा राहतो. प्रश्न पोचला की विचाराला वेळ नाही: ‘त्या ठिकाणी...’

चर्चेतल्या गोंगाटाचंही अर्धं कारण तांत्रिक आहे. व्हिडिओ कॉलवरच्या पाहुण्याला बाकीच्यांचं बोलणं सेकंदभर उशिरा येतं. दुसरा थांबला असं समजून तो बोलू लागतो, तोवर इकडे तिसरा सुरू झालेला असतो. पाहुण्याला त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकीचा आवाज पाठवावा लागतो. ती जोडणी चुकली की त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी येतो आणि तो गडबडतो. यावर उपाय साधा: ऑडिओ टेबलवरचा माणूस एक वगळून बाकीच्यांचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या कळा, खाली घेतो. फेडर खाली जात नाहीत, हे उरलेलं अर्धं कारण. सहा चौकटींतून एकाच वेळी येणारा आवाज आलेखाला आवडतो, असा समज पक्का झाला आहे.

८ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला: मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितलं जातं. नावं आलेल्यांनी आरोप नाकारले आणि सरकारी पक्षानं पुढे खटला मागे घेतला. परिणाम मात्र मोठा झाला. आठवड्याभरात बार्कनं वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले, ते परत आले मार्च २०२२ मध्ये, तेही चार आठवड्यांच्या फिरत्या सरासरीनं. वरच्या ४४ आणि ३६ चा गोंधळ त्यानं थोडा कमी होतो, पण घरं तीच राहत असल्यानं संपत नाही. आणि लँडिंग पेज उरतंच. बॉक्स चालू केला की आपोआप दिसणारी पहिली वाहिनी. ती जागा विकत घेतली, की प्रेक्षक रिमोट शोधेपर्यंतचा वेळही पाहण्यात धरला जाऊ शकतो. ट्राय या नियामकानं यावर बंधन आणलं, ते मे २०१९ मध्ये दूरसंचार लवादानं रद्द केलं. बार्क असे अवाजवी आकडे गाळण्यासाठी संगणकीय चाळणी लावते.

प्रेक्षक गेले ते मीटरच्या भांडणामुळे नव्हे. मार्च २०२० अखेरीस मुंबईत वर्तमानपत्रांचं वाटप थांबलं तेव्हा बातम्या पाहणं कित्येक पटींनी वाढलं होतं. पण पैसे देऊन टीव्ही पाहणारी घरं देशात २०१८ मध्ये सुमारे १५.१ कोटी होती, ती २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतहून गुवाहाटीला गेले, ते आठ-दहा दिवस महाराष्ट्र बातम्यांना खिळला होता, पण एसटीत आणि कार्यालयात तो मोबाइलवर पाहत होता. तिथे त्याच वाहिन्यांचं यूट्यूब थेट प्रक्षेपण चालतं आणि तिथला प्रेक्षक बार्कच्या मीटरमध्ये येत नाही.

तिथे आकडा गुरुवारी येत नाही, दर क्षणाला समोर हलत असतो. त्यामुळे हल्ली अँकरला बातमी दोनदा वाचावी लागते: एकदा आडव्या पडद्यासाठी आणि एकदा उभ्यासाठी, ५० सेकंदांत. ‘धक्कादायक खुलासा’ आता प्रॉम्प्टरवर यायच्या आधी थंबनेलवर लिहिला जातो.