वान प्रांत

तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला इराणच्या सीमेलगत असलेला डोंगराळ प्रांत. मुख्य ठाणे वान शहर. लोकसंख्या ११ लाखांहून अधिक असून तीत कुर्दांचे प्रमाण सर्वाधिक आहे. हिवाळा दीर्घ व हिमाच्छादित असल्याने शेतीपेक्षा मेंढपाळीवर येथील लोकांची भिस्त जास्त. डोंगरी पाला घालून मुरवलेले मेंढीच्या दुधाचे चीज ही त्याच मेंढपाळीची देणगी होय.

प्रांताच्या पश्चिमेस सुमारे १,६५० मी. उंचीवर वान सरोवर पसरले आहे. नेमरुत ज्वालामुखीच्या उद्रेकांमुळे पाण्याची पश्चिमेकडील वाट बुजली आणि बाहेर पडायला मार्ग न उरलेले हे सुमारे ३,७०० चौ. किमी. चे सरोवर खारट व सोडायुक्त बनले. त्यात ‘इंजी केफाली’ हा मासा तग धरतो. मात्र अंडी घालण्यासाठी तो वसंतात गोड्या पाण्याच्या नद्यांत शिरतो आणि त्या वेळी प्रवाहाविरुद्ध उड्या मारणारे थवे पाहायला काठावर गर्दी जमते.

इ. स. पू. नवव्या शतकात पहिल्या सार्दुरीने येथे उरार्तू राज्याची राजधानी तुश्पा वसवली. पुढे मेनुआ राजाने सुमारे ५० किमी. लांबीचा कालवा खोदून गोडे पाणी आणले. सरोवर शेजारी असूनही त्याचे पाणी निरुपयोगी असल्याने राजधानीला हे गोडे पाणी आवश्यकच होते. वान किल्ल्याच्या कड्यावर इराणचा सम्राट झर्क्सीझ याचा त्रैभाषिक शिलालेख आहे. वडील दारियस यांनी ही जागा कोरून घेतली, पण तीवर काही लिहिले नाही, म्हणून आपण लेख कोरवला, असे तो त्यात नमूद करतो. राजकीय लेखांत इतका घरगुती तपशील क्वचितच आढळतो.

वान सरोवरातील अकदमार बेटावरील आर्मेनियन चर्च राजा गागिक याने ९१५ ते ९२१ या काळात बांधवले. त्याच्या बाह्य भिंतींवर बायबलमधील कथा, द्राक्षवेली व प्राणी कोरले आहेत. १५४८ मध्ये वान ऑटोमनांकडे गेले. १९१५ च्या आर्मेनियन वंशसंहाराच्या व युद्धाच्या काळात किल्ल्याच्या पायथ्याचे जुने शहर उद्ध्वस्त झाले. नवे शहर पूर्वेस वाढले. २०११ च्या भूकंपात ६०० हून अधिक लोक दगावले. जीर्णोद्धारानंतर २००७ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलेल्या अकदमारच्या चर्चमध्ये २०१० पासून अधूनमधून प्रार्थना होऊ लागली.

इराणकडे जाणारा लोहमार्ग सरोवरापाशी तुटतो. पश्चिम काठावरील तात्वान बंदरात मालगाडीचे डबे फेरीबोटीवर चढवून वानला उतरवतात.